बोटभर फट

जयवंतने स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीवर टेकवलं, जरासं दाबलं, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ठोकावं लागलं नाही की फिरवावं लागलं नाही. त्याने हात मागे घेतला तरी स्क्रूड्रायव्हर तसाच भिंतीत उभा राहिला.

"आबा, हे काय आहे?" त्याने विचारलं.

"भित हाय, दुसरं काय आसनार?" आबा म्हणाले. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. रोज सकाळी चहा झाला की ते पश्चिमेची भिंत बाहेरून, हात पोचेल तिथवर पुसून काढायचे. "कालच पुसलीया म्या. तू उगं भोकं पाडू नगंस. मलाच बुजवाय लागतील मागनं."

आणि ते हसले. मुलगा सात वर्षांनी घरी आलेला, सून आलेली, नात आलेली, आणि आल्याला जेमतेम तिसरा दिवस. भिंतीला भोक पडलं तरी हसू यावं असेच ते दिवस होते. मी दारात इरासाठी गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला हसू आलं नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. आमचं गाव महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला. इथे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि सरळ न पडता आडवा येतो. माझे वडील, महिपती संकपाळ, यांनी चाळीस वर्षं मुंबईच्या एका मालकाचा बंगला राखला. मालक यायचे उन्हाळ्यात पंधरा दिवस, बाकी साडेअकरा महिने बंगला आबांचा. मे महिना लागला की आबांना जेवायची शुद्ध नसायची. बांबूच्या चौकटीत गवत गुंफून झडी करायच्या, त्या भिंतींना बाहेरून बांधायच्या म्हणजे आडवा पाऊस भिंतीला लागत नाही. मग घराभोवती गुडघ्यांवर रांगत एकूण एक फट बुजवायची. पांढरी पूड आणि जवसाचं तेल घोटून ते स्वतः लांबी करत आणि अंगठ्याने भरत. साप, विंचू, मुंग्या, ओल, या सगळ्यांशी त्यांचं जुनं वैर होतं. महिपतीने बुजवलेल्या फटीतून उजेडालासुद्धा आत यायची चोरी, असं गावात म्हणायचे, आणि ते ऐकून आबा ऐकलंच नाही असा चेहरा करायचे.

जयवंत माझा धाकटा भाऊ. कॅनडात लाकडी घरं बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. एका हिवाळ्यात तीन महिन्यांची रजा काढून तो आला आणि आमच्या जुन्या घराच्या दगडी जोत्यावर त्याने हे नवं घर उभं केलं. लाकडाचा सांगाडा, त्याला बाहेरून प्लायवूड, प्लायवूडवर थर्माकोलचे जाड तक्ते, तक्त्यांवर जाळी आणि जाळीवर बारीक वाळूचा सिंथेटिक गिलावा. रंग सायीसारखा. थंडी आत येत नाही, ओल आत येत नाही, असं त्याचं म्हणणं. तक्ते चिकटवताना बघून आबा म्हणाले होते, "मखर झ्याक झालंय. आता गनपती कवा बशिवतूस?" गावातले सगळे हसले होते, जयवंतसुद्धा.

घर पूर्ण झालं आणि त्याच फेब्रुवारीत आई गेली. नव्या घरात ती अठरा दिवस राहिली. मार्चमध्ये जयवंत परत गेला. जाताना त्याने माझ्या हातात इंग्रजीत लिहिलेला एक कागद दिला. या घराला जपायचं कसं, त्याची यादी.

"ताई, हे मराठीत करून आबांना समजावून सांग. माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतात."

मी गावच्या शाळेत मास्तरीण. लग्न दोन वर्षं टिकलं होतं, तेव्हापासून मी आबांकडेच. वहीत सुवाच्य अक्षरात यादी उतरवून काढणं हे माझं हातखंडा काम. आणि आबा ऐकायचे, अगदी शब्दनशब्द ऐकायचे. भिंतीवर जोरात पाणी मारायचं नाही, म्हणून ते फडक्याने पुसायचे. केसाएवढी चीर दिसली तरी भरायची, म्हणून जयवंतने ठेवलेल्या डब्यातला मसाला ते बारीक कुंचल्याने चिरेत सोडायचे, दुसऱ्या दिवशी चीर कुठे होती ते त्यांनासुद्धा सापडायचं नाही. भिंतीला माती टेकू द्यायची नाही, हे ऐकल्यावर त्यांनी भिंतीलगत आईने लावलेली शेवंती मुळासकट काढली आणि हातभर लांब नेऊन लावली. ती जगली नाही.

सात वर्षं जयवंतला यायला जमलं नाही. आधी तिकडचे कागद, मग मुलीचा जन्म, मग तिच्या छातीचं दुखणं. फोन मात्र दर रविवारी. आणि मग एका रविवारी तो म्हणाला, "ताई, आम्ही परत येतोय. कायमचे." केतकीची, त्याच्या बायकोची, एकच अट होती. इराला इथे मानवलं तर राहायचं, नाहीतर परत. पाच वर्षांच्या पोरीला वर्षातून चारदा श्वास कोंडून दवाखान्यात न्यावं लागायचं. जयवंतने छातीठोकपणे सांगितलं होतं, माझं घर मी बांधलंय, त्यात ओलीचा थेंब नाही.

आबांनी त्यांना पश्चिमेची खोली दिली, दरी दिसते म्हणून. पहिल्या रात्री इरा खोकली. प्रवासाचा शीण असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या रात्री ती झोपलीच नाही. सकाळी केतकीने खोलीत उभं राहून दोनदा श्वास घेतला आणि विचारलं, "ताई, तुम्हाला इथे कसला वास येतो का?" आम्हाला यायचा नाही. आम्ही त्या वासात राहत होतो.

तर जयवंतने स्क्रूड्रायव्हर काढला आणि खिशातल्या कटरने भिंतीवर पाटीएवढा चौकोन कापला. गिलावा जाळीसकट निघून आला. त्यामागचा थर्माकोलचा तुकडा त्याने ओढला, तर त्याच्या मनगटावरून पाणी ओघळलं. पाऊस संपून तीन आठवडे झाले होते. प्लायवूड काळं पडलं होतं, त्याचे पदर सुटले होते आणि पदरांमधून पांढरी बुरशी धाग्यांसारखी पसरली होती.

"जरा बगू दे," आबा म्हणाले. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, चौकोनातून हात आत घातला आणि आतला लाकडाचा खांब चाचपला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत खांब होता. भिजलेल्या भुशासारखा. त्यांनी मूठ उघडून ते कितीतरी वेळ बघितलं, दुसऱ्या हाताच्या बोटाने उलटंसुलटं केलं.

"ह्यो सागवान नव्हं," ते शेवटी म्हणाले.

"सागवान असता तरी हेच झालं असतं," जयवंत म्हणाला.

खोलीच्या खिडकीत केतकी उभी होती. तिने इराला उचललं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, फणसाखाली नेऊन बसवलं. जाताना मला हळूच म्हणाली, "ताई, त्या खोलीचं दार लावून घ्या." मी दार लावलं.

जयवंत भिंतीने पुढे सरकत बोटाच्या पेराने ठोकत गेला. ठक, ठक, मग बद्द, बद्द, बद्द. खिडकीखाली बद्द. कोपऱ्यावर बद्द. आबा त्याच्या मागोमाग.

"पानी शिरलं कुठनं पर?" आबा विचारत होते. "म्या तर येक चीर ठिवली न्हाई. तुज्या यादीपरमानं समदं केलं. इचार इंदूला." त्यांनी मानेने माझ्याकडे खूण केली.

"थोडं पाणी शिरतंच, आबा. खिडकीच्या कोपऱ्यातून, कुठूनही. कितीही जपलं तरी शिरतं. म्हणून तर ते बाहेर जायला वाट ठेवलेली असते. गिलावा खाली जिथे संपतो ना, तिथे." बोलता बोलता तो गुडघ्यांवर बसला. जोत्याच्या दगडावर त्याने हात ठेवला आणि गिलाव्याच्या खालच्या कडेवरून नख फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"फट कुठे गेली?"

"कंची फट?"

"इथे खाली फट होती. बोटभर. सगळ्या घराला."

"ती व्हय?" आबांचा चेहरा उजळला. आजही मला तो चेहरा दिसतो, आणि तो दिसला की मी हातातलं काम टाकून उठते. "ती कवाच बुजवली. परत्येक मे म्हयन्यात. जुनी लांबी खरवडायची, नवी भरायची. सात वरसं. समद्या घराला वेढा घालायचा म्हंजी आट दीस लागत्यात. मुंगी आत गेली तर नाव बदलीन."

जयवंत उठला नाही. गुडघ्यांवरूनच त्याने वर बघितलं.

"तुम्हाला बुजवायला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजेल? जलमभर त्येच केलं की म्या."

"ताई," जयवंत माझ्याकडे वळला. "यादीत चौथं काय होतं?"

"खालची फट मोकळी ठेवायची," मी म्हणाले. वर्गात उभं केलेली पोरं देतात तसं उत्तर दिलं.

"मी दर वर्षी तुला विचारायचो. पावसाआधी. फट मोकळी आहे ना, आणि तू म्हणायचीस, आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता अजून. तो हिशेब जुळवत होता. "तू यांना सांगितलं होतंस ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना काही समजलं नाही. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. माझा चेहरा कसा दिसत होता मला माहीत नाही, पण त्यांनी तो माझ्या लहानपणापासून वाचलेला होता. मला एकच शब्द बोलायचा होता. मी खाली जोत्याच्या दगडांकडे बघितलं.

"तिनं सांगितलं व्हतं," आबा म्हणाले.

"काय?"

"परत्येक वरसाला सांगितलं. वही वाचून दावली. म्याच ऐकलं न्हाई."

"मग ती मला फोनवर..."

"तिला म्या म्हनलं, मोकळी केलीया. ती काय खाली वाकून बगती? शाळा, घर, माजं खानंपिनं. तिनं इस्वास ठिवला."

हे सगळं खोटं होतं. मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. आईला जाऊन तीन महिने झाले होते. आबा सकाळी पायरीवर बसायचे ते अंधार पडेपर्यंत. ताट तसंच उचलावं लागायचं. मी त्यांच्याशी बोलायचे आणि ते माझ्या पलीकडे कुठेतरी बघत राहायचे. एका दुपारी शाळेतून आले, हातात यादीची वही, आज वाचून दाखवायची असं ठरवून आलेली, तर पायरी रिकामी. मी घाबरून घराला फेरी मारली. मागच्या बाजूला आबा गुडघ्यांवर. हाताला कोपरापर्यंत लांबी माखलेली, धोतर मळलेलं, गुडघे सोललेले. मला बघून त्यांनी मान वर केली.

"ह्या जयवंताला शिकवला कुनी?" ते म्हणाले. "येवढं घर बांदलं आन खालनं फट ठिवली. शिकल्याली मानसं ही. म्या हाय म्हून बरं." आणि खळखळून हसले. "तुजी आई बगाय पायजे व्हती. सकाळधरनं लागलोया. येवढा कोपरा झाला."

त्या संध्याकाळी ते दोन भाकरी जेवले. मी वही काढून यादी वाचली आणि तीनवरून थेट पाचवर गेले. उद्या सांगू म्हटलं. मग रविवारी सांगू म्हटलं. रविवारी जयवंतने फोनवर विचारलं आणि मी म्हणाले, मोकळी आहे. पाऊस आला, गेला, घर ठणठणीत उभं. पुढच्या वर्षी वाटलं, एवढं काही होत नाही, तिकडचे नियम तिकडे. त्याच्या पुढच्या वर्षी सांगायचं म्हणजे दोन वर्षांचं खोटंही सांगावं लागणार होतं. आणि लपवून काय करू, एक वाईट गोष्टही मनात होती. मी इथे राहिले होते. मी आईचं हगणं-मुतणं काढलं होतं. तो सातासमुद्रापलीकडून मला कागदावर हुकूम पाठवत होता, आणि त्यातला एक हुकूम मोडण्यात मला थोडं बरं वाटत होतं.

हे सगळं मी त्या क्षणी अंगणात सांगू शकले असते. आबा खोटं बोलून थांबले होते आणि जयवंत दगडावर हात टेकून उठत होता. तेवढा वेळ होता.

"तुम्हाला कळलं तरी का, काय केलंत?" जयवंत म्हणाला. आता आवाज चढला होता. "तुम्ही पाणी आत कोंडलंत. सात वर्षं. वरून पुसत बसलात आणि आत..." मग एकदम म्हणाला, "आईच्या वेळीही हेच. डॉक्टर म्हणाले साताऱ्याला हलवा. तुम्ही म्हणालात, हितंच बरी हुईल."

"जयवंत," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस, ताई. तू आयुष्यभर यांना सांभाळून घेतलंस. आबा, तुम्हाला दुसऱ्या कुणाचं शहाणपण चालतच नाही ना?"

"न्हाई चालत," आबा म्हणाले.

"मी सगळं सोडून आलोय. नोकरी सोडून आलोय."

"व्हय."

"व्हय काय! माझ्या मुलीला श्वास घेता येत नाहीये तुमच्या घरात!"

आबांनी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली, आणि काय करावं न सुचून परत खांद्यावर ठेवलं.

फणसाखालून केतकीची हाक आली. आवाज शांत होता. "जयवंत, आपल्याला निघावं लागेल. इराला दुसऱ्यांदा श्वासाचा पंप दिलाय."

दुपारी बारापर्यंत पाचगणीहून गाडी आली. पुण्याला केतकीच्या माहेरी जायचं आणि तिथून पुढचं बघायचं असं ठरलं. पुढचं काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सहा बॅगा तीन दिवसांत पुरत्या उघडल्यासुद्धा नव्हत्या. आबांनी एक बॅग उचलून गाडीपर्यंत आणली. जयवंतने ती त्यांच्या हातातून घेतली, त्यांच्याकडे न बघता. वाकून नमस्कार मात्र माझ्या पायांना केला.

"काळजी घे, ताई. तुझा काही दोष नाही यात."

इराने खिडकीतून हात हलवला. तिला आबा आवडले होते. दोन दिवसांत त्यांनी तिला फणसाच्या पानांच्या टोप्या करायला शिकवलं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आबा उभेच. मग ते घराकडे वळले, पडवीतून खुरपं घेतलं आणि मागच्या बाजूला गेले.

मी चूल पेटवली नाही. शाळेला रजा होती. मी आतल्या खोलीत जमिनीवर बसून राहिले आणि भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज ऐकत राहिले. चार वाजले, पाच वाजले. आवाज पश्चिमेकडून दक्षिणेकडे सरकला. शेवटी मला सहन होईना, मी बाहेर गेले.

आबा गुडघ्यांवर होते. खुरप्याच्या टोकाने लांबीचे तुकडे काढून एका बाजूला रचत होते. जिथे जिथे फट मोकळी झाली होती तिथून तपकिरी पाणी हळूहळू जोत्याच्या दगडांवर उतरत होतं. इतक्या वर्षांचं पाणी. घराच्या दोन बाजूंना दगड ओले झाले होते.

"आबा, आता काय उपयोग?"

"मोकळी करतूया. यादीत हाय न्हवं."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. मला रडू फुटलं नाही, फुटायला हवं होतं. "मी तुम्हाला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"ठावं हाय मला. यवढा बी म्हातारा न्हाई झालो." खुरपं थांबलं नाही. "त्या दिशी म्या बुजवत व्हतो, तू आलीस. वही व्हती तुज्या हातात."

"तुम्हाला आठवतंय?"

"आज सकाळी आठवलं."

"मग का असं बोललात? मी सांगते त्याला. आत्ता फोन करते, पुण्याला पोचला असेल एव्हाना."

तेव्हा त्यांनी खुरपं खाली ठेवलं. माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना ओल्या लाकडाचा वास येत होता.

"न्हाई करायचा. माजं नीट आईक, इंदे. मी काय, आज हाय उद्या न्हाई. त्यो माज्यावर रागावला तर किती दीस रागवंल? माज्यासंगं ते बी जाईल. तुजं तसं न्हाई. तुला नवरा न्हाई, पोर न्हाई. ह्यो येकच भाऊ. त्यो तुला ऱ्हायला पायजेल."

"तुम्हाला तुमचा मुलगा नको?"

त्यांनी खुरपं उचललं आणि पुढचा तुकडा काढायला घेतला. थोड्या वेळाने मी दुसरं खुरपं आणलं आणि समोरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. लांबी दगडासारखी घट्ट बसली होती. आबांचं काम पक्कं असायचं. कंदील लावून उशिरापर्यंत खरवडलं तेव्हा घराच्या चारही बाजूंची फट मोकळी झाली.

महिन्याभरात जयवंत, केतकी आणि इरा परत कॅनडाला गेले. साताऱ्याहून आलेल्या इंजिनिअरने सांगितलं, सांगाड्यावर भरवसा ठेवू नका. जानेवारीत माणसं लावून आम्ही घर उतरवलं आणि जोत्याच्या एका बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. आबांनी त्या खोल्यांना हात लावला नाही. झडी नाहीत, लांबी नाही, काही नाही. मे आला की ते घरात बसून राहायचे. पावसाळ्यात पाणी आत यायचं आणि ते पाय वर घेऊन खाटेवर बसायचे. विंचू निघाला तर मला हाक मारायचे.

रविवारचा फोन येत राहिला, माझ्यासाठी. जयवंत शाळेचं विचारायचा, माझ्या गुडघेदुखीचं विचारायचा, आबांचं नाव काढायचा नाही. फोन वाजला की आबा उठून बाहेर जायचे, त्याला मोकळेपणी बोलता यावं म्हणून. मी फोन ठेवल्यावर आत यायचे आणि एवढंच विचारायचे, "पोरीचा खोकला कसा हाय?" खोकला बरा होता. तिकडे गेल्यावर बरा झाला होता.

दोनदा मी सांगायचं ठरवलं. पहिल्यांदा तोंड उघडलं तर आबा बाहेरून आत आले, माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. दुसऱ्यांदा आबा घरात नव्हते. दवाखान्यात होते. मला अडवायला कुणीही नव्हतं. जयवंत म्हणाला, "बोल ना, ताई, काय म्हणत होतीस?" मी म्हणाले, इथे थंडी फार पडलीय.

चौथ्या वर्षी मार्गशीर्षात आबा गेले. आजारी असे आठ दिवसच होते. शेवटच्या दिवशी त्यांची नजर दाराकडे होती, मी विचारलं कोण हवंय, तर त्यांनी मान हलवली, कोणी नाही. मी जयवंतला फोन केला. तिकडे सकाळ होती, मागे इरा शाळेच्या गडबडीत ओरडत होती, आता तिचा आवाज चांगला मोठा झाला होता. जयवंत म्हणाला, मला यायला जमणार नाही, ताई. आलो तरी काय करू. तुला खोटं सांगत नाही, त्यांच्याविषयी मनात काही उरलंच नाही माझ्या.

तिथे मला रडू फुटलं. चार वर्षांचं एकदम. मला बोलता येईना, श्वास पुरेना, आणि जयवंत घाबरला. त्या दिवशी तो कामावर गेलाच नाही. तो तासभर माझ्याशी बोलत राहिला, लहान मुलीशी बोलावं तसं. म्हणाला, तू त्यांच्यासाठी फार केलंस. म्हणाला, तू होतीस म्हणून ते एवढी वर्षं तरी सुखाने जगले. म्हणाला, आता मी आहे ना तुला. त्याच्या आवाजात इतकी माया होती की मी डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरला आणि ऐकत राहिले. पलीकडच्या खोलीत शेजारचे लोक आबांना अंघोळ घालत होते.